दारातला सांगावा

लांज्याचे व्याही येणार म्हणून दीक्षाने शाळेत शनिवारची रजा टाकली आणि सकाळपासून सगळं घर पुसून काढलं. तांबडसड्यावर घर पुसणं म्हणजे निव्वळ हौस. खाणीवरून बॉक्साइटचे डंपर उतरायला लागले की तासाभरात लादी पुन्हा तांबडी होते, आणि इथल्या बायका ते मनाला लावून घेत नाहीत. दीक्षा आज लावून घेत होती. लादी झाल्यावर तिने आपल्या मुलाचा, प्रथमेशचा, निळा टी-शर्ट कपाटातून काढला, धुतला आणि अंगणातल्या दोरीवर सगळ्यांना दिसेल असा वाळत घातला. तो शर्ट आठ महिन्यांत कुणी अंगात घातला नव्हता.

ओटीवर बसलेल्या तिच्या भावाने, प्रमोदने, ते पाहिलं. तो उठला, आत जाऊन माठातलं पाणी प्याला आणि पुन्हा येऊन बसला.

प्रथमेश मेला होता. त्या घरात हे फक्त प्रमोदला ठाऊक होतं, बुधवारपासून. भाचा तिकडे रशियाच्या कुठल्याशा खंदकात तोफगोळ्याने गेला, आणि त्याचं शरीर एका लष्करी इस्पितळाच्या शवागारात पडून होतं. प्रमोदच्या जुन्या ओळखीची एक फोटोग्राफर बाई तिथवर पोचली होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि फोन केला. शंकेला जागा राहू नये म्हणून तिने उजव्या हातावर गोंदवलेल्या धम्मचक्राचंही सांगितलं. ते गोंदवून घेतल्याबद्दल दीक्षाने पोराला चार दिवस बोलून घेतलं होतं.

गुरुवारी सकाळची गाडी पकडून तो आला तो हेच सांगायला. पण स्टेशनात दीक्षा स्वतः रिक्षा घेऊन उभी होती. दादा आला म्हणजे काहीतरी चांगलंच घेऊन आला असणार, असं तिचा चेहरा म्हणत होता. तिथे त्याची जीभ टाळ्याला चिकटली ती आजपर्यंत सुटली नव्हती. ज्याचं सगळं आयुष्य बोलण्यावर गेलं त्या माणसाची ही गत. कुणाला सांगितली असती तर हसला असता.

तांबडसड्याने त्याला बोलायला नव्हे, पण एक गोष्ट जन्मतः शिकवली होती. दुपारी खाणीचा भोंगा झाला की सुरुंग उडणार, आणि सुरुंग उडाला की छपरातून माती पडणार. म्हणून भोंगा ऐकताच इथलं पोरगंसुद्धा आधी ताटलीवर ताटली पालथी घालतं. पुढे कारगिलला प्रमोदने पहिल्यांदा तोफा ऐकल्या तेव्हा बरोबरचे दिल्लीचे दोघे वार्ताहर जमिनीवर आडवे झाले, आणि याने चहाच्या पेल्यावर तळहात धरला. ती गोष्ट दिल्लीत इतकी फिरली की पुढे कुठेही लढाई पेटली की त्यालाच पाठवू लागले. बगदाद झालं, काबूल झालं. लिबियात एक गाडी फुटली आणि त्याचा डावा कान कायमचा गेला. तेव्हा वाहिनीने त्याला माघारी बोलावलं, कोट घातला आणि मुंबईच्या स्टुडिओत बसवलं. बारा वर्षं तो रात्री नऊच्या बातम्या देत होता. गावातली म्हातारी माणसं अजून म्हणत, आपल्या भिकूचा पोर बोलला म्हणजे खरं.

हीच त्याची पंचाईत होती. बातमी खरी कधी मानायची याचा त्याचा एक नियम होता आणि तो घरात सगळ्यांना पाठ होता. एकाने सांगितलं म्हणजे कानगोष्ट, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी सांगितलं म्हणजे दुजोरा. दिवाळीआधी पंजाबच्या एका मुलाने, प्रथमेशबरोबर होता म्हणे, मोबाइलवर रडत रडत सांगितलं होतं की तुमचा मुलगा पडला. सगळी वाडी दीक्षाकडे गोळा झाली. दीक्षाने प्रमोदला फोन लावला आणि त्याने सवयीने सांगितलं की दुजोरा येईपर्यंत काही धरून चालू नकोस. ती ते वाक्य घेऊन बसली. कुणी सांत्वनाला आलं की म्हणे, दादा सांगतो दुजोरा नाही. शाळेत मुलांना पाढे शिकवावेत तसं तिने ते येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवलं.

पोरगा गेला होता तोही दुबईला म्हणून. खाणीत भरती बंद झाल्यावर कुणा एजंटाने गोदामावर मदतनीसाचं काम देतो म्हणून नेलं. घरी सगळ्यांना दुबईच ठाऊक. एके दिवशी प्रमोदला स्टुडिओत फोन आला, "मामा, आईला सांगू नको, हितं बर्फ हाय." एजंटाने त्याला परस्पर रशियाच्या फौजेत भरती करून टाकलं होतं. त्या दिवसापासून प्रमोदने दिल्लीतले होते नव्हते तेवढे उंबरठे झिजवले. उपयोग शून्य झाला.

व्याही अकराच्या सुमाराला आले. रामाभाऊ लांज्याला काजूच्या कारखान्यात मुकादम, बोलायला मवाळ माणूस. मुलीच्या सासरी आवाज चढवायचा नाही हे घोकून आले असावेत, कारण आल्या आल्या जयभीम घालून ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. बौद्धजन समितीचे दोघे जणही आले. सानिका, प्रथमेशची बायको, सगळ्यांना पाणी देऊन आत गेली. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि त्यातले शेवटचे आठ महिने तिने फोन वाजला की धावत जाण्यात घालवले. बापाच्या हातात पेला देताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

चहा झाला, आंब्याच्या मोहराची चौकशी झाली, तुडतुडा पडलाय का ते झालं. मग समितीच्या थोरल्याने घसा साफ केला. त्याचं म्हणणं एवढंच, की कुणाला घाई नाही, पण माणूस गेला असेल तर त्याचं पुण्यानुमोदन व्हायला हवं. बौद्धाचार्य तारीख द्यायला तयार आहेत. फक्त घरच्यांनी एकदा तोंडाने सांगायला हवं की गेला. बाहेरच्याने सांगून कार्यक्रम लावत नाहीत.

"मग लागणार नाही," दीक्षा म्हणाली. "घरचं कुणी तसं म्हणत नाही."

रामाभाऊंनी हातातला पेला खाली ठेवला. "ताई, मी भांडायला आलो नाय. एक तर हाय म्हणा, नायतर नाय म्हणा. माझी पोर दोन्हीच्या मधी किती दिवस ऱ्हायची? चोवीस वर्षांची हाय ती. तिला घरी न्यायला आलोय."

"तुमच्या पोरीला मी काय कमी करते?"

"काय बी नाय. त्याच्यासाठी नाय न्यायला आलो."

"तो आला आणि ही घरात नसली, तर त्याला मी काय सांगू?"

रामाभाऊ समितीवाल्यांकडे बघू लागले आणि समितीवाले छपराकडे. प्रमोदला वाटलं, आता बय काही बोलेल तर बरं. बय म्हणजे जाईबाई, त्याची आणि दीक्षाची आई; दीक्षा आपला नवरा वारल्यापासून तिच्यापाशीच राहत होती. आज चौऱ्याऐंशीची. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. इतके महिने ती दीक्षाच्या बाजूने खांब रोवल्यासारखी उभी होती. सांत्वनाला आलेल्या एका नात्यातल्या बाईला तिने दारातूनच परत लावलं होतं. तिच्या जोरावरच दीक्षा तग धरून होती हे सगळ्यांना दिसत होतं.

जाईबाईने लांब केलेले पाय जवळ घेतले आणि म्हणाली, "पोरीला जाव दे."

दीक्षा आधी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिचा तोल गेला. बयवर ती जन्मात एवढ्या जोराने बोलली नसेल. तुला तुझा मुलगा प्रत्येक लढाईतून परत मिळाला, म्हणून माझ्या मुलावर पाणी सोडायला तुला सोपं जातं, असं ती भरल्या घरात, व्याह्यांसमोर बोलून गेली. बोलल्यावर स्वतःच दचकली, पण मागे घेतलं नाही. जाईबाईने ते ऐकून घेतलं. तिला लागलं होतं, प्रमोदला दिसलं. त्यालाही लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

"दादा, तू सांग यांना," दीक्षा त्याच्याकडे वळली. "दुजोरा आलाय का? आला असता तर तू सांगितलं नसतंस का?"

सगळ्या माना त्याच्याकडे फिरल्या. समितीचा थोरला नकळत सावरून बसला, टीव्हीसमोर बसावं तसा. प्रमोदने तोंड उघडलं. "सध्या उपलब्ध असलेल्या माहितीनुसार," त्याने सुरुवात केली, आणि आवाज तोच, नऊ वाजताचा, खर्जातला, भरदार, जिवंत माणसाला कसलाही धक्का न लावणारा. पुढचं वाक्य त्याच्याकडे तयार होतं. तशी शेकडो वाक्यं त्याच्याकडे तयार असत.

"ह्यो आवाज घरात नको," जाईबाई म्हणाली.

फोन बघून येतो असं काहीतरी पुटपुटत तो उठला आणि अंगणात उतरला. उन्हं तापली होती. दोरीवरचा निळा शर्ट वाळून गेला होता आणि त्याच्या खांद्यांवर तांबडी भुकटी बसली होती. प्रमोद त्याच्यापासून चार हात लांब जाऊन कुंपणाच्या गडग्याशी उभा राहिला. इथून खाणीचा कापलेला डोंगर दिसतो. त्या कपारीत त्याच्या बापाने तीस वर्षं सुरुंग भरले होते.

मागे काठी वाजली. जाईबाई पायरीवर हात टेकत टेकत उतरली आणि त्याच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तुला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय, बय?"

"टीवीत बगतंय ना तुला. वायट सांगायच्या आदी तू वाकतोस नि पानी पितोस. मग सांगतोस, अमक्या ठिकानी इतकी मानसं मेली. दोन दिस घरात बगतंय. घासागणिक पानी पितोयस."

आता नाकारून उपयोग नव्हता. प्रमोदला अचानक फार थकल्यासारखं झालं आणि आईसमोर रडावंसं वाटलं, पण सत्तावन्न वर्षांच्या माणसाला ते इतक्या सहज जमत नाही. जाईबाईने मात्र डोळ्याला पदर लावला, तोंडातून आवाज न काढता. नातू गेल्याचं तिला कुणी सांगितलं असेल तर ते एवढंच. थोड्या वेळाने पदर खाली घेऊन ती बोलायला लागली, तेही प्रथमेशचं नव्हे, नवऱ्याचं.

भिकूच्या नकाराची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नात, बारशात, जयंतीला ती हटकून निघे. भिकू धम्मदीक्षा घेऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी गावच्या खोताची सासू वारली. नात्यात कळवायला पार नाटे गावाला जायचं होतं आणि रिवाजाप्रमाणे खोताचा माणूस भिकूला बोलवायला आला. वाडीतल्या पुरुषांनी मेलेल्याचा सांगावा गावोगाव न्यायचा, उन्हात, पावसात, रात्री-अपरात्री, हे बापजाद्यांपासून ठरलेलं काम. भिकू म्हणाला, मी आता मरणाचा सांगावा नेत नाय. त्यावर वाडीची वाट अडवली, पाणी तोडलं, आणि भिकू नव्या नवरीला घेऊन चालत तांबडसड्याच्या खाणीवर आला. इथे जातीने कुणी काम सांगत नव्हतं, सुरुंग सगळ्यांना सारखाच मारत होता. गोष्ट इथे अभिमानाने संपत असे. त्याआधी पोरवयात भिकूने ते काम केलं होतं, तेव्हा कसं केलं होतं, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. जाईबाईने ते आज सांगितलं.

"दारात जाऊन उबा ऱ्हायचा. पायरी चडायची नाय. मेलेल्याचा नाव घ्यायचा नि लगेच माघारी वळायचा, फुडच्या गावाला. आतली बायामानसं रडायला लागायची, त्यांच्याकडं बगायचा नाय, थांबायचा नाय, कुनाला हात लावायचा तर नायच. तुजा बापूस मला म्हनाला व्हता, जाई, येक येळ चालायचा तरास परवडला, पर ती पाठ फिरवायची लय वंगाळ. म्हनून त्यानं सोडलान."

प्रमोदला एक दार आठवलं. बगदादच्या एका गल्लीत पाच पोरं मेली होती. त्यांच्या घराच्या दारात उभं राहून त्याने कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगितलं होतं. मागे त्यांची आई किंचाळत होती. सांगून झाल्यावर गाडी वाट बघत होती, दुसऱ्या गावी काहीतरी झालं होतं. बापाने जे सोडायला गाव सोडलं, ते आपण कोट घालून, नाव मिळवून केलं की काय, हा विचार त्याला आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि तो त्याला काही केल्या झटकता येईना.

"मीही तेच केलं, बय," तो म्हणाला.

"मी तसं म्हनत नाय. तुला कुनी हुकूम नव्हता केलान. तू तुज्या बुद्धीनं गेलास, जगाला कळाया पायजे म्हनून गेलास." ती काठीवर दोन्ही हात ठेवून दम खात थांबली. "पर आज हितं अंगनात उबा ऱ्हाऊन सांगू नको. नि बातम्यातला तर नकोच. आत ये. तुज्या भनीच्या बाजूला बस. नि सांगून झाल्यावर उटू नको."

खाणीचा भोंगा झाला. आत समितीवाल्यांनी पेल्यांवर हात धरले असणार. सुरुंग उडाला, पायाखालचा कातळ हलला, आणि थोड्या वेळाने वाऱ्याबरोबर धुरळा आला. दोघं तो बसेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग प्रमोदने आईला दंडाला धरून पायरी चढवली.

दीक्षाने त्याला आत येताना पाहिलं आणि विचारलं, फोन लागला का. तिच्या प्रश्नात अजून आशा होती. तो खुर्चीकडे गेला नाही. ती भिंतीपाशी जमिनीवर बसली होती, तिथे तिच्या शेजारी मांडी घालून बसला. लहानपणी सुरुंगाच्या वेळी ते दोघं असेच भिंतीला पाठ लावून बसत. तिला काहीतरी कळलं असावं, कारण ती किंचित सरकली.

"दीक्षा," तो म्हणाला, आणि आवाज फाटका निघाला, "आपला प्रथमेश गेला."

दीक्षाने समोरच्या भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत, वर्गात विचारावं तशा सुरात विचारलं, "कुणी पाहिलं?"

"माझ्या ओळखीची बाई आहे तिकडे. तिने स्वतः पाहिलं. हातावरचं चक्र पाहिलं."

"कुठल्या हातावर?"

"उजव्या."

तिने मान हलवली, एकदाच. "तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"काल मी तुला कुळथाची पिठी वाढली. तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मी म्हटलं, प्रथमेशला आवडते, आला की पहिल्या दिवशी हीच करीन. तू म्हणालास, कर."

"म्हणालो."

त्याला वाटलं आता ती मारेल. तिने मारलं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं. ती फक्त त्याच्याकडे बघत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून इतक्या महिन्यांची सगळी हुशारी उतरत गेली. वाद घालणारी, नियम शिकवणारी, शर्ट धुणारी दीक्षा गेली आणि तिथे फक्त एक पोर गेलेली बाई उरली. तिने प्रमोदचा दंड धरला. इतका घट्ट की नखं रुतली. जाईबाई पलीकडून सरकत आली आणि तिने लेकीचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. मघाशी काय बोलणं झालं होतं ते दोघींपैकी कुणाच्याही ध्यानात नव्हतं.

आत सानिका नारळ खवत होती. खवणीचा खरखराट एकसारखा चालू होता, म्हणजे तिला ऐकू गेलं नव्हतं. तो आवाज सगळ्यांना एकदमच ऐकू यायला लागला. रामाभाऊ डोळे पुसत उठले. माझी पोर आहे, मी सांगतो, असं काहीसं म्हणाले.

दीक्षा बयच्या मांडीवरून उठून बसली. "तुम्ही बसा, भाऊ," ती म्हणाली. "सांगून झाल्यावर घेऊन जा तिला. मी अडवणार नाही." प्रमोदही उठायला लागला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिने त्याला खाली बसवलं. "तू नको, दादा. तिला मी सांगते."

ती भिंतीला धरून उभी राहिली, केस सारखे केले आणि स्वयंपाकघरात गेली. दार तिने लावलं नाही. "सानू," तिचा आवाज आला, "ते ठेव खाली. इकडे ये, माझ्याजवळ बस." खवणी थांबली. मग बराच वेळ दीक्षाचं हलकं बोलणं, शब्द कळत नव्हते, आणि मग त्या मुलीचा आवाज, जो त्या घराने दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता.

समितीच्या थोरल्याने प्रमोदकडे झुकून हळूच विचारलं की शरीर आणता येईल का, कुठल्या गावी आहे, कसं काय झालं. प्रमोदपाशी सगळी उत्तरं होती, ओळीने लावलेली. त्याचं तोंड उघडलंही. हात सवयीने गुडघ्यावर गेला, उठण्यासाठी. सांगून झालं की तो नेहमी उठत आला होता. बाहेर कुठली तरी गाडी, कुठलं तरी पुढचं गाव नेहमी असायचं.

आत त्या दोघी रडत होत्या. प्रमोदने हात गुडघ्यावरून काढून लादीवर ठेवला, त्या रडण्याकडे तोंड केलं, आणि तो बसून राहिला.